चीजच्या दुकानात आई झोपली

आमच्या घरात एक लुगडं असं होतं, की ते नेसून आई कधी उंबऱ्याबाहेर पडली नाही. मूळचं हिरवं, नंतर नंतर शेवाळी झालेलं, काठ विरलेले, आणि त्याला शेण, पेंड, घाम आणि सुकलेलं दूध यांचा मिळून एक वास. ते गोठ्यातच खुंटीला टांगलेलं असायचं. पहाटे आई उठायची, अंगावरच्या लुगड्यावरूनच ते गुंडाळायची आणि म्हशीच्या कासेला बसायची. आम्ही त्याला धारेचं लुगडं म्हणत असू. आमची म्हैस गंगू आईशिवाय कुणालाच पान्हा सोडत नसे. आई तापानं पडली की शेजारची पारूकाकू ते लुगडं गुंडाळून, तोंड न उघडता धारेला बसायची. तोंड उघडलं की गंगूला फसवणूक कळायची आणि ती लाथ झाडायची. पारूकाकूला अर्धा तास गप्प बसवायची ताकद अख्ख्या गावात एका गंगूतच आहे, असं आमचे आबा म्हणायचे. आबा म्हणजे माझे वडील. शेत, वैरण, पाणी सगळं ते बघायचे, पण धार काढणं हे बायकांचं काम, यावर ते ठाम होते. लहानपणी त्यांनी स्वतः धारा काढल्या होत्या, हे मात्र ते कुणाला सांगत नसत.

आमचं गाव मुरगूडपासून चार-पाच किलोमीटर आत. घरात घड्याळ होतं, पण घर चालायचं ते दुधाच्या गाडीवर. सातच्या आत ती चौकात यायची, हॉर्न द्यायची, आणि तो हॉर्न ऐकून ज्याची किटली डेअरीत पोचलेली नसे तो अनवाणीच धावत सुटायचा. गाडी चुकली की दुपारपर्यंत दूध आंबणार. आजोबा वारले त्या सकाळी आईनं आधी धार काढली, किटली डेअरीवर पोचवली, परत आली आणि मग गळा काढून रडली. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. माझ्या लहानपणाचे आवाज म्हणजे बादलीत पडणारी पहिली धार, मग फेस चढला की तिचा मऊ झालेला आवाज, मग भाकरी थापल्याचे आवाज, मग हॉर्न. न्याहारीला भाकरी, मिरचीचा खर्डा आणि दही. दुधाचं घर म्हणून लोक हेवा करत, पण दूध डेअरीचं, आणि आमचं उरलंसुरलं. आता कोल्हापुरातल्या माझ्या फ्लॅटच्या दाराला सकाळी दुधाची पिशवी अडकवलेली असते. मी ती सावकाश आठ वाजता उचलते, आणि इतक्या वर्षांनीही ती उचलताना मला उशीर झाल्यासारखं वाटतं. या भीतीचा मला कंटाळा आला आहे, पण ती जात नाही.

म्हशीचे सड कठीण. नुसत्या बोटांनी भागत नाही, अंगठा आत मुडपून त्याच्या सांध्यावर सड दाबावा लागतो. वीस-बावीस वर्षं असं दोन वेळा केल्यावर आईच्या अंगठ्यांचे सांधे सुजून सुपारीएवढे झाले होते. कपडे पिळता येईनात, डब्याचं झाकण उघडता येईना. रात्री ती गरम तेलात अंगठे बुडवून बसायची, आणि तशीच बसल्या बसल्या पेंगायची. दिवसा मात्र ती आडवी झालेली मी कधी पाहिली नव्हती. थोरली ताई होती तोवर तिचा हातभार होता, पण तिचं लग्न झालं आणि तिच्या हाताची म्हैस महिनाभर आटल्यासारखी वागली. शेवटी ती विकावी लागली. म्हणून आमच्याकडे हाताला फार जपत. पहिल्यांदा विणाऱ्या म्हशीला, म्हणजे पहिलारूला, व्याल्यावर पहिला हात ज्याचा लागेल त्याचीच ती होते, असं सगळे मानत. घराबाहेरच्या माणसाचा हात तिला लावू देत नसत. आणि एकदा हात लागला की त्या माणसाची सुटका नाही. लग्न, यात्रा, परीक्षा काही असो, दोन्ही वेळा त्यानंच बसायचं.

आमच्या गोठ्यात त्या वर्षी बिजली नावाची पहिलारू होती, अंगानं काळी कुळकुळीत आणि स्वभावानं तिखट. ती विणार होती पावसाळ्याच्या तोंडाला, आणि त्याच सुमारास मी दहावी पास झाले. मार्क चांगले होते. मुरगूडच्या शाळेतल्या बाईंनी घरी येऊन आबांना सांगितलं, की पोरीला कोल्हापूरला कॉलेजात घाला, ताईकडं राहील. ताई कोल्हापुरातच दिली होती. आबांनी बाईंना चहा पाजला, हो हो म्हणाले, आणि त्या गेल्यावर माझ्याकडं बोट करून आईला म्हणाले, "तुझा अंगठा तर गेला. बिजलीला आता सुमीचाच हात लावायचा. कॉलेज काय पळून जातंय व्हय?" ते वाईट माणूस नव्हते. हिशेब साधा होता: दोन म्हशी, एक बाई आणि तिचे गेलेले अंगठे. आई भाकरी थापत राहिली. मी परसात जाऊन कडबा कुट्टीच्या ढिगामागं रडले आणि मनातल्या मनात बिजलीला शिव्या दिल्या, जणू तिनंच मला पसंत केलं होतं.

अशात गावातल्या महिला दूध संस्थेचा अभ्यास दौरा निघाला. साताऱ्याकडचा एक नमुन्याचा गोठा बघायचा, पुढं पाचगणीला कुणीतरी दुधापासून चीज करतं ते बघायचं, आणि रात्री परत. आई आयुष्यात अशी कुठं गेली नव्हती. तिनं नाव दिलं याचंच मला नवल वाटलं. लिहून घ्यायला म्हणून तिनं मलाही बरोबर घेतलं. आबा कुरकुरले. "आणि बिजली?"

"तिला अजून आठ-दहा दिस हायत," आई म्हणाली.

जनावर कधी विणार हे आईनं सांगितलं की गावात त्यावर कुणी दुसरं मत घेत नसे. निघायच्या पहाटे गंगूची धार उरकून ती बिजलीजवळ गेली आणि शेपटीच्या बुडाशी हात ठेवून उभी राहिली. मी किटली घेऊन दारात थांबले होते. हात जरा जास्तच वेळ तिथं राहिला, इतकंच मला आठवतं. संध्याकाळच्या धारेचं पारूकाकूला सांगून आम्ही टेम्पोत बसलो. वीस बाया, मांडीवर भाकरीची फडकी.

नमुन्याच्या गोठ्यात यंत्रानं धार काढत होते. आई त्या नळ्यांकडं बघत राहिली आणि "ह्येला अंगठा न्हाय," एवढंच म्हणाली. दुपारी पाचगणीला पोचलो तेव्हा धुकं इतकं होतं की ड्रायव्हर रस्ता विचारत विचारत चालला होता. दुकान रस्त्याच्या खालच्या अंगाला होतं. बाहेरून एखाद्या टपालघरासारखं साधं, आत लाकडी फळ्यांवर जात्याच्या दगडांएवढे चीजचे पिवळे गोल मांडलेले. दुकानदार वाईकडचे, साठीचे, बापू नावाचे गृहस्थ. तरुणपणी कुठल्याशा परदेशी पाद्र्याच्या डेअरीत कामाला होते, तिथं ही विद्या शिकले. आम्ही आत शिरलो आणि सगळ्याच बायांनी नाकाला पदर लावले.

आमच्या चेअरमन अक्काताई. संस्थेत त्यांचं नाक म्हणजे कायदा. किटलीचं झाकण उघडायचं, हुंगायचं, आणि "आंबलंय, न्या घरी," म्हणायचं. त्या सवयीनं पुढं झाल्या, एका गोलाला नाक लावलं आणि बापूंना म्हणाल्या, "पावणं, ह्ये नासलंय की ओ! सगळंच नासलंय. गाडी चुकली व्हय तुमची?"

बापू हसले नाहीत, याचं मला अजून कौतुक वाटतं. म्हणाले, "मुद्दामच नासवलंय बाई."

"आणि ह्येचं फॅट किती?"

"फॅट भरपूर आहे. आधी खाऊन तर बघा."

त्यांनी तुकडे कापून दिले. निम्म्या बायांनी ते तोंडात धरून बाहेर जाऊन टाकले. पारूकाकूची सून म्हणाली, खारवलेल्या साबणागत लागतंय. आई मात्र चघळत उभी राहिली. मग एका गोलावरची चिठ्ठी दाखवून मला म्हणाली, वाच. मी वाचलं. गेल्या दिवाळीतलं दूध होतं ते.

"दिवाळीचं?" आई म्हणाली. "दिवाळीचं दूध अजून हाय?"

"त्याच्या आधीचंही आहे आत," बापू म्हणाले. "बघायचं?"

आतली खोली थंड होती. कमी उजेड, ओलसर दगडी भिंती, तिन्ही बाजूंना फळ्या आणि मधे एक बाक. बाकीच्या बाया बाहेरच शेंगा खात उभ्या राहिल्या. आत आम्ही तिघंच. आईनं एका गोलावर तळहात ठेवला, जनावराच्या अंगावर ठेवावा तसा.

"मग ह्येचं तुमी दिसभर काय करतासा?" तिनं विचारलं.

"काही नाही. उलटवतो, पुसतो, परत ठेवतो. घाई केली की बिघडतं."

"आणि मग?"

"मग बसतो."

"बसतासा?" आईनं असं विचारलं, की जणू त्यांनी मी उडतो म्हणून सांगितलं. बापूंनी बाकाकडं हात केला. "बसा ना तुम्हीपण," ते म्हणाले आणि बाहेर गिऱ्हाईक आलं म्हणून गेले.

आई बाकावर बसली. मी वहीत काहीतरी लिहीत होते. पुन्हा वर बघितलं तर ती झोपली होती. भिंतीला डोकं टेकलेलं, तोंड उघडं, पदर खांद्यावरून ढळलेला, आणि चांगली घोरत होती. मला आधी लाज वाटली. परक्या माणसाच्या दुकानात, भर दिवसा! मी तिला हलवायला गेले आणि तिचे हात दिसले. मांडीवर तळवे वर करून पडले होते. बाकीची बोटं सैल, पण दोन्ही अंगठे आत मुडपलेले, आणि ते हलत होते. एक दाबायचा, दुसरा सुटायचा, परत पहिला. झोपेतही ती धार काढत होती. मी तिथंच खाली फरशीवर बसले. आपल्याला हेच करायचं आहे, हे मला माहीत होतं, पण ते किती वर्षं करायचं आहे हे तेव्हा डोळ्यांनी दिसलं. मला भीती वाटली, आणि आईला सोडून त्यातून पळून जावंसं वाटलं याची शरमही वाटली. दोन्ही एकदमच.

अर्धा-पाऊण तास गेला असेल. बापू एकदा डोकावले, ओठावर बोट ठेवून परत गेले. मग अक्काताई आल्या. बाहेर वाद पेटला होता. एवढं वर आलोय तर कृष्णामाईचा उगम बघितल्याशिवाय जायचं नाही, असं निम्म्या बाया म्हणत होत्या. पण धुक्यात ड्रायव्हर आत्ता जायला तयार नव्हता. त्याचं म्हणणं, मुक्काम करा, सकाळी दर्शन घ्या, मग निघू. आणि ज्यांच्या घरी धारेला दुसरं कुणी नव्हतं त्यांना आजच परतायचं होतं. सकाळपासून लवकर परतायचा सगळ्यात जास्त धोशा आईचाच होता.

अक्काताईंनी तिला हलवून उठवलं. "उठा ओ. तुमच्यापायी निघायचं ठरतंय. तुमची पहिलारू हाय न्हवं घरात?"

आई दचकून उठली. पदर सावरला. आपण कुठं आहोत हे तिला क्षणभर कळेना. मग फळ्या दिसल्या, मी दिसले. तिनं माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या हातांकडं, आणि अंगठे हळूहळू सरळ केले.

"थांबूया की," ती म्हणाली. "एवढं आलोय तर दर्शन घिऊनच जाऊ."

अक्काताई खूश होऊन बाहेर पळाल्या. मी आईला म्हणाले, "आई, बिजली?"

"व्यायची ती. आज रातीला न्हाईतर सकाळपातूर."

"तू तर आबांना आठ दिवस म्हणालीस."

"आठ दिस म्हणालो नसतो तर त्यांनी पाठवलं असतं व्हय मला? रातीला परत जाणारच हुतो की आपण." ती थोडी थांबली. "काल सांच्यालाच खळगं पडल्यात तिच्या शेपटीपाशी."

"मग आता हात कुणाचा लागणार?"

"तुझा बा हाय की घरात."

मला ते समजायला वेळ लागला. आई उठली, गुडघ्यावर हात टेकून, आणि जाता जाता त्या दिवाळीच्या गोलावरून परत एकदा हात फिरवला. बाहेर बापूंनी तिला कागदात बांधून एक तुकडा दिला. घेऊ का नको करत तिनं तो कनवटीला लावला.

त्या रात्रीचं आणि दर्शनाचं मला फारसं आठवत नाही. आई रात्रभर झोपली, एवढं आठवतं. परतीच्या वाटेवर मात्र ती कऱ्हाड गेल्यावर म्हणाली, "अडली असंल का गं ती? पयलंच वेत हाय तिचं." माझ्याही मनात तेच होतं. काही वाईट झालं असतं तर आईनं स्वतःला कधी माफ केलं नसतं, आणि ते माझ्यापायी झालं हे ओझं मलाही वाहावं लागलं असतं. तो सगळा रस्ता मी देवाला एकच मागत होते, की म्हैस आणि रेडकू दोन्ही धड असू देत. कॉलेज मागायचं धैर्य झालं नाही.

घरी पोचलो ते संध्याकाळच्या धारेच्या वेळेला. दारात पारूकाकू पदराचा बोळा तोंडात कोंबून बसली होती. मला वाटलं, रडते आहे. ती हसत होती. बोट गोठ्याकडं केलं. आत बिजली उभी, तिच्या पुढ्यात नवं रेडकू धडपडत होतं, आणि कासेला आबा. धोतर आणि बंडीवरून आईचं धारेचं लुगडं गुंडाळलेलं, पदर डोक्यावरून घेतलेला, पदराखाली मिशा. मान वळवायची सोय नव्हती, कारण बिजली कान टवकारून होती. बादलीत चिकाची पिवळी जाड धार पडत होती.

आई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. आबांनी धार संपवली, रेडकाला कासेला सोडलं आणि मग उठले. लुगडं तसंच अंगावर.

"सकाळी व्याली," ते हळू आवाजात म्हणाले. "कास दगडागत झालती. पारूबाई हात लावंना. नुसत्या बंडीवर बसलो तर दोन लाथा घातल्या. मग ह्ये गुंडाळलं. काय करणार?"

"बरं केलंसा," आई म्हणाली.

"तू तर म्हणालतीस आठ दिस हायत."

"चुकलं माझं."

आबा तिच्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. त्यांनी डोक्यावरचा पदर मागं घेतला, लुगडं सोडून खुंटीला अडकवलं आणि बादली आईच्या हातात दिली. "चीक लई झालाय," म्हणाले. "खरवस कर. शेजारी वाट." रात्री खरवस खाताना आईनं कनवटीचा तुकडा काढून त्यांच्यापुढं ठेवला. आबांनी वास घेतला, एक घास खाल्ला आणि "नासलंय," म्हणून बाजूला सारला. मग जेवण झाल्यावर बसल्या बसल्या सगळा संपवला.

मी कोल्हापूरला गेले. बिजलीनं आबांचा हात सोडला नाही, आणि लुगड्याशिवाय तर मुळीच नाही. गावानं वर्षभर हसून घेतलं. चौकात पोरं त्यांना वहिनी म्हणत. ते शिवी हासडत आणि सातच्या आत किटली पोचवत. सुट्टीला गेले की पहाटे दोन बादल्यांचे दोन आवाज यायचे. गंगूला आई, बिजलीला आबा. आईचं काम निम्मं झालं होतं, संपलं नव्हतं. मी अंथरुणात पडून ऐकायची आणि उठायची नाही. उठून मदत करावी असं वाटायचं, पण हात लागेल अशी धास्ती होती. आज हे लिहिताना मला त्याचा अभिमान नाही. पण परत तशी वेळ आली तर मी परत पडूनच राहीन, हेही लिहून ठेवते.

आई आधी गेली. आबा नंतर बरीच वर्षं होते. एकदा मी मुलांबरोबर महाबळेश्वरला जाऊन आले. पाचगणीत ते दुकान शोधलं, सापडलं नाही. दुसऱ्याच एका दुकानातून चीजचा तुकडा आणला, प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेला, आणि गावी जाऊन आबांच्या हातात दिला. ते कट्ट्यावर बसले होते. बराच वेळ त्यांनी ते प्लास्टिक सोडायचा प्रयत्न केला. अंगठे वळेनात. सांधे सुपारीएवढे झाले होते. मी कधी नीट बघितलेच नव्हते ते.

"आबा," मी म्हणाले, "आईला त्या दिवशी माहीत होतं. बिजलीचं."

"मला म्हाईत न्हवतं व्हय?" ते म्हणाले. "तुझी आई जनावरात कधी चुकली न्हाय."

"मग तुम्ही काही बोलला का नाही?"

त्यांनी पुडी माझ्यापुढं धरली. "काय बोलायचं? खोल ह्ये. तुझं अंगठं चांगलं हायत."